खोल समुद्राच्या तळाशी वाळू पोचते कशी?

श्रीलंकेच्या पूर्वेला, बंगालच्या उपसागरात, ८ अंश उत्तर अक्षवृत्तावर समुद्र साडेतीन किलोमीटरपेक्षाही खोल आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेची मुखं तिथून जवळजवळ १५०० किलोमीटर उत्तरेला राहतात. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने या अक्षवृत्तावर सात ठिकाणी तळात भोकं पाडली आणि खालच्या गाळाच्या लांब नळ्या वर काढल्या. त्यांत चिखल होताच, शिवाय वाळू होती, पोयटा होता आणि उन्हात धरला तर चमकेल असा अभ्रक होता. सगळा माल हिमालयाचा.

चिखलाचं एक समजू शकतं. त्याचे कण इतके बारीक असतात की महिनोन् महिने पाण्यात तरंगत कुठेही जातील. वाळूचा दाणा मात्र जड. नदीचा वेग मुखाशी मंदावला की तो तिथेच बसतो. तिथून पुढे १५०० किलोमीटर त्याला कोण घेऊन गेलं? लाटांचा जोर इतक्या खोलवर पोचत नाही. वर वाहणारे सागरी प्रवाह वाळूचा दाणा एवढा वेळ उचलून धरू शकत नाहीत.

हे कोडं काही नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी संशोधकांनी अटलांटिकच्या सपाट तळातून असेच नमुने काढले, तेव्हा तिथेही वाळू मिळाली, आणि तिच्यात उथळ पाण्यात राहणाऱ्या जीवांची कवचं होती. खोल तळ म्हणजे वरून संथपणे बारीक धूळ पडत राहणारी, बाकी काही न घडणारी जागा, असं तोवर बहुतेकांनी धरलेलं होतं. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत सागरी मैदानाबद्दल जे वाचलं त्याचा सूरही असाच. तो सूर बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण तळाशी चालणारी वाहतूक ही पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या मालवाहतुकींपैकी एक आहे.

तिची रीत अशी. पाण्यात गाळ ढवळला गेला की ते पाणी आजूबाजूच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जड होतं. जड पाणी खाली जातं आणि तळाला उतार असेल तर उतारावरून धावू लागतं. धावताना ते घुसळतं, आणि त्या घुसळणीमुळे दाणे खाली बसत नाहीत. वेग पुरेसा असला तर हा लोंढा वाटेतला तळही खरवडतो. खरवडलेला गाळ त्याच्यातच मिसळतो, लोंढा आणखी जड होतो, म्हणून आणखी वेगाने पळतो, म्हणून आणखी खरवडतो. वाऱ्याची किंवा लाटांची मदत त्याला लागत नाही. त्याचं इंधन म्हणजे त्याच्या पोटातला गाळ. याला टर्बिडिटी करंट म्हणतात. मी इथे गढूळ लोंढा म्हणतो.

सुरुवात कशानेही होऊ शकते. भूकंपाने खंडान्त उतारावरचा, म्हणजे उथळ समुद्र संपून तळ खोल जातो त्या उतारावरचा, गाळ सुटतो, वादळात उथळ समुद्रातली वाळू ढवळली जाते, मोठ्या पुरात नदी इतका गाळ आणते की मुखाजवळचा ढीग स्वतःच्याच वजनाने घसरतो. जिनिव्हा सरोवरात ऱ्होन नदीचं गार, गढूळ पाणी वर न पसरता तळाशी शिरतं आणि पाण्याखाली स्वतःची घळ राखतं, हे स्विस संशोधक फोरेल यांनी १८८० च्या दशकातच नोंदवलं होतं. पण सरोवरात दिसलेली गोष्ट महासागरातही घडते, हे पटायला पुरावा हवा होता. तो पुरावा तारांनी दिला.

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी संध्याकाळी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून आलेल्या त्सुनामीने २८ माणसं दगावली. युरोप आणि अमेरिका यांना जोडणाऱ्या तारायंत्राच्या केबल या भागातून समुद्रतळावरून गेलेल्या होत्या. भूकंपाच्या केंद्राजवळच्या केबल त्याच क्षणी तुटल्या. पुढचं मात्र विचित्र होतं. उताराच्या खालच्या बाजूच्या केबल एकामागून एक, ओळीने तुटत गेल्या. शेवटची तुटली भूकंपानंतर १३ तास १७ मिनिटांनी, शेकडो किलोमीटर दूर, जवळजवळ सपाट तळावर. संदेश कधी थांबला याची मिनिटवार नोंद तार कंपन्यांच्या दप्तरी होतीच.

ती नोंद जवळपास दोन तपं तशीच पडून राहिली. १९५२ साली ब्रूस हीझन आणि मॉरिस ईविंग या दोघांनी केबलमधली अंतरं आणि तुटण्याच्या वेळा यांची सांगड घातली. दोन केबलमधलं अंतर माहीत, वेळेतला फरक माहीत, म्हणजे जे काही खाली गेलं त्याचा वेग निघाला. त्यांच्या हिशेबाने तीव्र उतारावर तो ताशी १०० किलोमीटरच्या घरात होता. पुढच्या अभ्यासकांनी आकडा कमी केला, पण तोही महामार्गावरच्या गाडीच्या वेगाइतका आहे. भूकंपाने सुटलेला गाळ २०० घन किलोमीटरच्या आसपास होता असं आता मानलं जातं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे ३ घन किलोमीटरला जराशी कमी. अशी पासष्ट-सत्तर धरणं काठोकाठ चिखल-वाळूने भरावीत, एवढा तो माल.

असा लोंढा प्रत्यक्ष मोजणं फार अवघड असतं, कारण मोजायला ठेवलेली यंत्रंच तो उखडून नेतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काँगो नदीच्या मुखातूनच एक सागरी घळ सुरू होते. तिथे संशोधकांनी तळाला नांगरून ठेवलेली यंत्रं जानेवारी २०२० मध्ये एकामागून एक सुटून पृष्ठभागावर आली, आणि त्यांच्या सुटण्याच्या वेळांवरून लोंढ्याचा प्रवास समजला. तो ११०० किलोमीटरहून अधिक अंतर गेला. पुढे जाताना त्याचा वेग कमी न होता वाढला: सेकंदाला सुमारे ५ मीटरवरून ८ मीटरवर. वाटेत त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या इंटरनेटच्या दोन केबल तोडल्या आणि नायजेरियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत इंटरनेट मंदावलं. यात भूकंपाचा काही संबंध नव्हता. २०१९ च्या अखेरीस काँगोला पन्नासेक वर्षांतला सर्वांत मोठा पूर आला होता, आणि लोंढा सुटला तो पुरानंतर, उधाणाच्या भरती-ओहोटीच्या दिवसांत. पुराने गाळ आणून ठेवला, उधाणाने धक्का दिला.

आता लोंढा थांबल्यावर काय उरतं ते पाहू. एका उंच काचेच्या बाटलीत नदीची वाळू, बारीक रेती आणि शेतातली काळी माती घ्या, पाणी भरा, बूच लावून जोरात हलवा आणि टेबलावर ठेवा. जाड वाळू लगेच तळाला बसते. तिच्यावर बारीक रेती येते, मग पोयटा, आणि सर्वांत वरचं गढूळ पाणी निवळायला दुसरा दिवस उजाडतो. खाली जाड, वर बारीक. फिलिप क्यूनन या डच संशोधकाने प्रयोगशाळेतल्या टाकीत असेच लोंढे सोडले. इटलीच्या अपेनाइन पर्वतात कार्लो मिग्लिओरिनी यांनी वालुकाश्माचे हजारो थर नेमके याच क्रमाचे पाहिले होते. १९५० साली दोघांनी मिळून मांडलं की हे डोंगर म्हणजे उचलला गेलेला खोल समुद्राचा तळ आहे, आणि त्यातला एकेक थर म्हणजे एकेक लोंढा. अशा थराला टर्बिडाइट म्हणतात.

लोंढा आणि बाटली यांत एक फरक आहे. बाटलीतलं पाणी उभं असतं, लोंढा थांबता थांबताही वाहत असतो, म्हणून दाण्यांच्या आकाराबरोबर वाहण्याच्या खुणाही थरात राहतात. आर्नोल्ड बौमा यांनी फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या आल्प्समध्ये हे थर मोजून १९६२ साली त्यांचा क्रम सांगितला. तळाला जाड वाळू, बिनरेषांची, कारण ती धाडकन पडलेली. तिच्यावर सपाट, पातळ रेषा. त्यावर छोट्या लहरींच्या तिरक्या रेषा, कारण वेग आता बराच उतरलेला. मग पुन्हा बारीक सपाट रेषा, आणि शेवटी चिखल. पाचही भाग एका ठिकाणी क्वचितच मिळतात. उगमाजवळ वरचे भाग पुढच्या लोंढ्याने खरवडून नेलेले असतात, आणि फार दूरवर खालचे जाड भाग पोचतच नाहीत. म्हणून नेमके कोणते भाग आहेत यावरून आपण लोंढ्याच्या वाटेवर कुठे उभे आहोत हे कळतं.

हे पाहायला आल्प्समध्ये जायची गरज नाही. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी लोक अंदमानला सेल्युलर जेल बघायला जातात. त्याच पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, लागून कॉर्बिन्स कोव्हचा किनारा आहे. ओहोटीला तिथले खडक उघडे पडतात तेव्हा ते जवळून बघा. एक थर राखाडी-तपकिरी वालुकाश्माचा, कठीण, पुढे आलेला. त्याच्यावर ठिसूळ शेलचा, म्हणजे चिखल दबून झालेल्या खडकाचा, समुद्राच्या पाण्याने झिजून आत गेलेला. मग पुन्हा वालुकाश्म, पुन्हा शेल, आणि सगळी चळत तिरकी कललेली. वालुकाश्माच्या थराची खालची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते, कारण लोंढा अचानक आला. वरची कड मात्र सांगता येत नाही, वाळू हळूहळू शेलमध्ये विरघळत जाते. बोट फिरवलं तर खालचा खरखरीतपणा वर जाता जाता गुळगुळीत होतो. अशा थरांच्या पोटाखाली कधी कधी जिभेच्या आकाराचे उंचवटे असतात. लोंढ्याच्या भोवऱ्यांनी आधीच्या मऊ चिखलात खड्डे पाडले, ते वाळूने भरले, त्यांचे हे ठसे. जिभेचं फुगीर टोक ज्या बाजूला, तिकडून लोंढा आला. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या पाण्याची दिशा अशी हाताने चाचपता येते. भारतीय भूपट्ट पूर्वेला खाली सरकताना त्याच्यावरचा गाळ खरवडला गेला, चुरगळला आणि वर आला, म्हणून हे खडक आज किनाऱ्यावर आहेत.

इथे मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगायची आहे. थराची जाडी म्हणजे काळ नव्हे. कॉर्बिन्स कोव्हसारख्या ठिकाणी हातभर जाड वालुकाश्म काही तासांत पडलेला असू शकतो, आणि त्याच्यावरचा दोन बोटं शेल जमायला शेकडो, कधी हजारो वर्षं लागलेली असतात. खोल समुद्रात वरून पडणारा बारीक गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर साचतो. म्हणजे खडकात जे ठळक दिसतं ते क्षणाचं, आणि ज्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही ते काळाचं. हे एकदा लक्षात आलं की थर मोजण्याला वेगळाच अर्थ येतो.

किती वेगळा, ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसलं. कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत कॅस्केडिया नावाचा १००० किलोमीटरचा पट्टा आहे. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, पण मोठा भूकंप झाल्याची लेखी नोंद तिथल्या लोकांकडे नव्हती. समुद्रतळाच्या जुन्या नमुन्यांत मात्र टर्बिडाइट होते, आणि त्यांच्याखाली माझामा ज्वालामुखीच्या राखेचा अंश होता. हा उद्रेक सुमारे ७७०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं. १९९० मध्ये जॉन अ‍ॅडम्स या कॅनडाच्या भूवैज्ञानिकाने जुन्या नमुन्यांकडे नव्याने पाहिलं. वेगवेगळ्या घळींमध्ये राखेनंतरचे थर १३. आणि या घळी जिथे एकत्र येतात त्या संगमाच्या खालीही थर १३च.

हे १३ फार बोलके आहेत. समजा प्रत्येक घळीतले लोंढे आपापल्या वेळी, आपापल्या कारणाने सुटले असते. मग संगमाच्या खाली दोन्हीकडचे थर एकावर एक साचून संख्या २६ च्या आसपास गेली असती. ती गेली नाही, याचा अर्थ दोन्ही घळींतले लोंढे दर वेळी एकाच सुमारास सुटले आणि संगमावर एकत्र येऊन त्यांचा एकच थर झाला. शंभर-दोनशे किलोमीटर दूर असलेल्या घळींना एकदम हलवील असं कारण म्हणजे सगळा पट्टा हादरवणारा भूकंप. ७७०० वर्षांत १३, सरासरी सहाशे वर्षांना एक. यातला शेवटचा २६ जानेवारी १७०० चा. त्याची तारीख जपानमधल्या नोंदींवरून निघाली, कारण त्याची त्सुनामी प्रशांत महासागर ओलांडून तिथे पोचली होती. वजाबाकी करायला येणाऱ्या कुणालाही समजेल असा हा युक्तिवाद आहे, आणि त्यावर आज तिकडच्या शहरांची भूकंपाची तयारी बऱ्याच अंशी उभी आहे. अर्थात प्रत्येक टर्बिडाइट भूकंपाचा नसतो. काँगोचं उदाहरण वर आलंच आहे. म्हणूनच अशा संगमाच्या कसोट्या लागतात.

बंगालच्या उपसागराकडे परत येऊ. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १ अब्ज टन गाळ आणतात. बांगलादेशच्या किनाऱ्यापुढे ‘स्वॅच ऑफ नो ग्राउंड’ नावाची खोल सागरी घळ आहे. तिच्या तोंडाशी साचलेला गाळ लोंढ्यांनी खाली उतरतो आणि पंख्यासारखा पसरतो. हा बंगालचा पंखा जगातला सर्वांत मोठा आहे: लांबी सुमारे ३००० किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या जवळपास, आणि सर्वाधिक जाडी १६ किलोमीटरच्या वर. एव्हरेस्ट ९ किलोमीटरलाही पोचत नाही. लोंढे या पंख्यावर मनमानी पसरत नाहीत. ते स्वतःच बांधलेल्या काठांमधून, नदीसारखी वळणं घेत वाहतात. एका वेळी साधारण एकच वाट चालू असते. ती भरली की काठ फुटतो आणि लोंढा नवी वाट धरतो. म्हणून हिमालय कधी किती झिजला हे वाचायचं तर एक भोक पुरत नाही, आडव्या ओळीत अनेक पाडावी लागतात. ८ अंशावर सात ठिकाणं निवडली ती यासाठी.

त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीचा गाळही याच उपसागरात जातो. तिच्या मुखाबाहेर १२०० मीटरहून खोल पाण्यातून २००६ साली काढलेल्या एका नमुन्यात गेल्या दहा-अकरा हजार वर्षांची दख्खनची धूप वाचता आली: पावसाळे क्षीण होत गेले तशी जमिनीची झीज वाढली, आणि पुढे पठारावर शेती पसरली तशी आणखी वाढली. हा नमुना मुख्यतः संथ बसलेल्या चिखलाचा, वर म्हटलेल्या ‘काळाच्या’ थरांचा. त्याच कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल पाण्यात लोंढ्यांच्या जुन्या वाटा वाळूने भरून गाडल्या गेल्या आहेत, आणि २००२ मध्ये सापडलेला केजी-डी६ या क्षेत्रातला नैसर्गिक वायू अशाच वाळूच्या पोकळ्यांत साठलेला होता.

अरबी समुद्रातला पंखा सिंधू नदीचा. ३१ मार्च २०१५ रोजी कोलंबोहून निघून ३१ मे रोजी मुंबई बंदरात संपलेल्या मोहिमेने तो वाचला. पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्थेचे धनंजय पांडे हे तिचे प्रमुख. भारताच्या किनाऱ्यापासून ४७५ किलोमीटर पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात, सिंधूच्या वाळूच्या मधोमध ३०० मीटरहून जाड असा एक भलताच थर लागला. त्यात क्रम नाही, चुनखडकाचे तुकडे आणि चिखल एकमेकांत कालवलेले. हा माल सिंधूचा नव्हता. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिमेचा खंडान्त उतारच कोसळला होता. एकूण १९,००० घन किलोमीटर. या घसरणीला नटराज हे नाव दिलं आहे.

आतापर्यंत सगळं धावत्या लोंढ्यांबद्दल झालं. समुद्रात दुसऱ्या स्वभावाचेही प्रवाह आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ध्रुवांजवळचं गार पाणी खाली बुडून तळालगत जगभर फिरतं. हे प्रवाह उतारावरून खाली न जाता उताराला समांतर, एकाच खोलीवरून वाहतात. वेग सेकंदाला दहा-वीस सेंटीमीटर, माणसाच्या चालण्याहूनही कमी, पण ते हजारो-लाखो वर्षं चालू राहतात. ब्रूस हीझन यांनीच सहकाऱ्यांबरोबर १९६६ मध्ये दाखवलं की हे प्रवाहही गाळ वाहून नेतात आणि त्याचे लांबलचक उंचवटे रचतात. यांना कॉन्टूराइट म्हणतात. त्यांत धाडकन पडलेली वाळू नसते. प्रवाह जरा वाढला की दाणे जरा जाड होतात, ओसरला की पुन्हा बारीक, आणि मधूनमधून किड्यांनी पोखरलेली बिळं असतात, कारण किड्यांना राहायला निवांत वेळ मिळालेला असतो.

मालदीव बेटांच्या मधल्या समुद्रात असे उंचवटे आहेत. ते मोसमी वाऱ्यांनी ढकललेल्या पाण्याने घडलेले आहेत. २०१५ च्या अखेरीस तिथे खोदकाम झालं तेव्हा दिसलं की प्रवाळांच्या जुन्या चुनखडकावर हा प्रवाहाने आणलेला गाळ अचानक सुरू होतो. त्यातल्या सूक्ष्म कवचांवरून वय काढलं: १ कोटी २९ लाख वर्षं. नैर्ऋत्य मोसमी वारे आजच्या जोराने कधी वाहू लागले, याचं संशोधकांनी काढलेलं हे उत्तर. ज्या वाऱ्यावर आपली खरीप उभी आहे त्याची जन्मतारीख गाळात मिळावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या संथ प्रवाहांचं काम आजही चालू आहे, आणि त्यात आता आपलाही माल आहे. इटलीच्या पश्चिमेला टिऱ्हेनियन समुद्राच्या तळावरचे नमुने तपासणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रवाहांनी रचलेल्या उंचवट्यांवर, ५ सेंटीमीटर जाडीच्या गाळात, एका चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म तुकडे मिळाले. त्यांतले बहुतेक धागे होते, कपडे धुताना निघणारे. प्रवाह बारीक गाळ जिथे साठवतो तिथेच त्याने हेही साठवलं होतं.